कोकणातल्या छोट्या होमस्टेचा कार्बन कसा कमी करायचा

मालवण तालुक्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर आमचं चार खोल्यांचं होमस्टे आहे. दोन खोल्या जुन्या कौलारू घरात, दोन मागाहून बांधलेल्या स्लॅबच्या. किनारपट्टीवर आता गावागावांत अशी घरं उभी राहताहेत. मुंबईची नोकरी सोडून आलेले, वडिलोपार्जित घर दुरुस्त केलेले, कर्ज काढून आगरात दोन खोल्या बांधलेले कितीतरी जण मला विचारतात की, पर्यावरणाचं काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू? बहुतेकांनी तोवर बांबूचे टूथब्रश आणून ठेवलेले असतात आणि चारही खोल्यांत एसी अठरावर चालू असतो. त्यांच्यासाठी हा लेख आहे.

निसर्ग वादळाने 2020 च्या जूनमध्ये श्रीवर्धन, दापोलीकडच्या बागा आडव्या केल्या. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आमच्या समोरून गेलं. अरबी समुद्र तापतोय, वादळं जोर धरताहेत आणि आपला धंदा त्याच समुद्राच्या जिवावर आहे. म्हणून हे काम मला दाराशी आलेलं वाटतं.

आधी वही घाला

काहीही विकत घेण्याआधी एक महिना फक्त लिहून काढा. दोनशे पानी वही पुरते. चार गोष्टी लिहायच्या: विजेचे युनिट, गॅस सिलिंडर, जनरेटरचं डिझेल आणि बाजारहाटासाठी जाळलेलं पेट्रोल. पाचवा आकडा म्हणजे किती खोल्या किती रात्री भरल्या. एक खोली एक रात्र भरली की एक खोली-रात्र.

या प्रत्येकाचं कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करायला मोठं गणित लागत नाही. आपल्या देशात वीज अजून मुख्यतः कोळशावर होते, त्यामुळे एका युनिटमागे साधारण 0.7 किलो धरायचा. एक किलो एलपीजी जळला की सुमारे 3 किलो, म्हणजे 19 किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमागे 57 किलो. डिझेलच्या लिटरमागे 2.7 आणि पेट्रोलच्या लिटरमागे 2.3 किलो.

समजा, मे महिन्यात चार खोल्यांच्या घरात 900 युनिट वीज गेली, तीन सिलिंडर संपले, 15 लिटर डिझेल आणि 20 लिटर पेट्रोल लागलं. विजेचे 630 किलो, गॅसचे 171, डिझेलचे 40, पेट्रोलचे 46. एकूण 887 किलो. त्या महिन्यात 80 खोल्या-रात्री भरल्या असतील तर एका खोली-रात्रीमागे 11 किलो पडले. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. एकूण बेरीज हंगामाबरोबर वरखाली होणारच, त्यामुळे महिन्यामहिन्याची तुलना याच आकड्यावरून करायची.

हिशेब मांडला की दोन गोष्टी लगेच दिसतात. घरातला बराचसा कार्बन विजेतून येतो आणि त्या विजेचा मोठा वाटा एसी खातो. प्लॅस्टिकची स्ट्रॉ या हिशेबात कुठेच नसते. ती बंद करा, समुद्रासाठी ते हवंच, पण तेवढ्याने कार्बन घटला असं समजू नका.

खोली मुळात तापू देऊ नका

दीड टनाचा इन्व्हर्टर एसी उन्हाळ्यातल्या रात्री तासाला साधारण एक युनिट घेतो असं धरा. दहा तास चालला की दहा युनिट, म्हणजे सात किलो. तोच पाहुणा पंख्याखाली झोपला तर साध्या पंख्याला दहा तासांत पाऊण युनिट लागतं आणि बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरच्या पंख्याला त्याच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून नवीन माणसाने पैसे खर्च करायचेच असतील तर आधी सगळे पंखे बदलावेत. यात चूक होण्यासारखं काही नाही आणि वायरमन एका दुपारी चार खोल्या करून देतो.

जुन्या घराकडे नीट बघा. चिऱ्याच्या जाड भिंती, उतरतं कौलारू छप्पर, चहूबाजूंनी पडवी, वर लाकडी माळा. ऊन भिंतीपर्यंत पोचतच नाही आणि गरम हवा कौलांच्या फटींतून निघून जाते. मुंबईच्या ठेकेदाराने सांगितलं म्हणून पडवी बंदिस्त करून खोल्या वाढवणारे लोक मी पाहिले आहेत. पुढच्याच मेमध्ये त्या खोल्यांत एसी बसवावा लागतो. पडवी उघडी ठेवा. पाहुण्याला सकाळचा चहा तिथेच प्यायचा असतो.

कौलारू खोलीत एसी लावायचाच असेल तर आधी माळा किंवा छत घट्ट करून घ्या, नाहीतर गार हवा कौलांतून बाहेर जाते आणि यंत्र रात्रभर धापा टाकत राहतं. आम्ही कौलारू खोल्या बिनएसीच्या ठेवल्या आहेत आणि त्यांचं भाडं कमी ठेवलं आहे. डिसेंबर-जानेवारीत त्याच आधी भरतात.

स्लॅबच्या खोल्यांचं दुखणं वेगळं. स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री ती धग खाली सोडतो. त्यावर सगळ्यात स्वस्त इलाज म्हणजे पावसाळ्यानंतर गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. दुसरा इलाज आपल्या घरात आधीच पडलेला असतो: बांबू आणि झावळ्यांचा मांडव. मार्चमध्ये गच्चीवर घालायचा, वादळवाऱ्याच्या आधी मेअखेरीस उतरवायचा. पश्चिमेच्या भिंतीवर दुपारचं ऊन येत असेल तर तिकडे केळी लावा, वर्षभरात आडोसा होतो.

एसीचं तापमान हा भांडणाचा विषय असतो. 1 जानेवारी 2020 पासून स्टार असलेले नवे एसी सुरू करताच 24 वर येतात, तसा ऊर्जा दक्षता ब्युरोचा नियमच आहे. त्याच ब्युरोच्या म्हणण्यानुसार एक अंश वाढवला की साधारण 6 टक्के वीज वाचते. म्हणजे 20 ऐवजी 24 ठेवला तर एसीच्या विजेत जवळजवळ पाव वाचतो. पण पाहुण्याला भिंतीवरच्या पाटीने हे सांगू नका, पाटी कोणी वाचत नाही. खोली दाखवताना एसी 25 वर आणि पंखा मंद असं स्वतः लावून द्या आणि आपल्याकडे त्रास थंडीच्या अभावाचा नसून दमटपणाचा आहे हे समजावा. ड्राय मोडचं बटण दाखवा. बहुतेक लोक त्यानंतर रिमोटला हात लावत नाहीत.

एसीचा गॅस: किनाऱ्यावरचं खरं दुखणं

माहितीपत्रकांत या गोष्टीला क्वचितच जागा असते आणि आपल्याला ती सगळ्यात जास्त लागू आहे. एसीतला थंडावा देणारा वायू हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडपेक्षा शेकडो पटींनी जास्त उष्णता धरून ठेवतो. आर-32 असेल तर एक किलो म्हणजे 675 किलोच्या बरोबरीचा. जुन्या यंत्रांतला आर-410ए असेल तर एक किलो म्हणजे दोन टनांहून जास्त.

आमच्या स्लॅबच्या एका खोलीचा एसी दुसऱ्याच वर्षी गार करेनासा झाला. दुरुस्तीवाला आला, गॅस भरून पैसे घेऊन गेला. पुढच्या मेमध्ये पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मी शिडी लावून स्वतः वर चढले. बाहेरच्या युनिटच्या ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांना बोट लावलं तर पांढरी पूड हाताला आली, पातीच चुरली. खारा वारा सरळ त्यावर येत होता आणि आतली नळी सांध्याजवळ खाल्ली गेली होती. दोनदा भरलेला सगळा गॅस तिथून आभाळात गेला होता. वीज वाचवून आम्ही वर्षभरात जे कमावलं, त्यातलं बरंचसं त्या एका भोकातून वाहून गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं.

तेव्हा यंत्र घेतानाच गंजरोधक लेप असलेली, शक्यतो तांब्याची कॉइल मागा. बाहेरचं युनिट समुद्राकडच्या भिंतीवर बसवू नका, घराच्या पाठीमागे आडोशाला बसवा. हंगामात पंधरा दिवसांतून एकदा वीज बंद करून त्यावर गोड्या पाण्याचा हलका फवारा मारा म्हणजे मीठ धुऊन जातं. दुरुस्तीवाला “गॅस भरतो” म्हणाला तर आधी गळती कुठे आहे ते दाखवायला सांगा आणि ती बुजवल्याशिवाय भरू देऊ नका. जुनं यंत्र भंगारात देण्याआधी त्यातला वायू सिलिंडरमध्ये उतरवून घेणारा माणूस शोधा. नवीन घेताना कोणता वायू आहे ते पाटीवर वाचा. आर-290 मिळाला तर उत्तम, त्याचा उष्णतेचा भार जवळजवळ नगण्य आहे. मात्र तो पेट घेणारा असल्याने बसवणारा त्यातला जाणकार हवा.

फ्रिजचंही हेच. जून ते सप्टेंबर खोल्या रिकाम्या असतील तर खोल्यांतले छोटे फ्रिज रिकामे करून, पुसून, दार किंचित उघडं ठेवून बंद करा. आम्ही ते खोल्यांतून काढूनच टाकले. पडवीत एक सामायिक फ्रिज आहे, कोणाची तक्रार नाही.

आंघोळीचं पाणी

कोकणात गरम पाणी लागतं ते थोडं आणि थोडेच महिने. वीस लिटरची बादली कोमट करायला युनिटचा तिसरा हिस्सा पुरतो. शॉवरखाली दहा मिनिटं उभं राहिलं तर ऐंशी-शंभर लिटर सहज जातात. म्हणून बादली आणि तांब्या ठेवाच, शॉवर लावला तर कमी पाणी सोडणारा लावा. गिझर 50 अंशांवर आणि टायमरवर ठेवा, दिवसभर चालू राहणारा गिझर कोणी आंघोळ न करताही वीज खात राहतो.

जागा असेल तर न्हाणीघरामागे तांब्याचा बंब. नारळाची सोडणं, करवंट्या, वाळक्या झावळ्या हे सगळं आपल्याच माडांचं, दरवर्षी नव्याने येणारं. जळण कोरडं असू द्या, ओलं असेल तर धूरच जास्त होतो. रानातली झाडं तोडून बंब पेटवायचा असेल तर त्यापेक्षा गिझर बरा. सोलर हीटर बसवणार असाल तर विहिरीचं पाणी आधी तपासून घ्या. किनाऱ्यालगतच्या बोअरवेलचं पाणी खारट किंवा क्षारयुक्त निघतं आणि नळ्यांत खर बसते.

स्वयंपाकघर आणि उरलेलं अन्न

स्वयंपाक आमच्या मोठ्या जाऊबाई सांभाळतात. मी लोंबता वजनकाटा आणून रोज रात्री उरलेल्या अन्नाची बादली त्याला लावायला लागले, तेव्हा त्या म्हणाल्या, “गो, ह्यो काटो कित्याक हाडलंस?” आठवड्याने मी वही त्यांच्यासमोर ठेवली. रोज सगळ्यात जास्त उरत होता तो भात, आणि तोही रात्रीचा. पाहुणे दुपारी तुडुंब जेवतात, संध्याकाळी किनाऱ्यावर भजी खाऊन येतात आणि आपण मात्र दोन्ही वेळचं माप सारखंच घेतो. आता संध्याकाळी पाच वाजता त्या स्वतः विचारून येतात की, भात किती जण, भाकरी किती जण, मासे कोणाला. तेवढ्याने बादली अर्ध्यावर आली. यासाठी पाच पैसे लागले नाहीत.

गावात जे मिळतं ते वाढा. घावणे, आंबोळी, कुळथाची पिठी, फणसाची भाजी, सोलकढी यांना कुठून ट्रक यायला नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तेव्हा गोठवलेली सुरमई बाहेरून मागवण्यापेक्षा सुकं मटण वाटावं अशी सोड्याची चटणी, सुकटाची किसमूर आणि सुक्या बांगड्याचं तिखलं करा. पावसात आपल्या घरी तेच होतं आणि चाकरमानी त्यासाठीच विचारत येतात. पनीर आणि ब्रॉयलर कोंबडी मागणारेही असतील, ती बंद करा असं मी म्हणत नाही, मेनूच्या पहिल्या ओळीत ठेवू नका एवढंच. गॅसवर प्रेशर कुकर, डाळ-कडधान्य आधी भिजवलेली, मोठ्या भांड्याला झाकण, हे सांगायची गरज नसावी.

गुरं असतील तर गोबरगॅस नक्की करा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे पन्नास किलो शेण लागतं, म्हणजे चार-पाच गुरं हवीत. त्यातून रोज मिळणारा गॅस साधारण 0.9 किलो एलपीजीची भर काढतो. म्हणजे तीन आठवड्यांत एक मोठा सिलिंडर वाचला. सिंधुदुर्गात झारापच्या भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने घरोघरी गोबरगॅस पोचवण्याचं मोठं काम केलं आहे, त्यामुळे आमच्या भागात बांधणारे आणि दुरुस्त करणारे गवंडी मिळतात. गुरं नसतील तर खरकट्यावर चालणारी छोटी टाकी बघा. पुण्याच्या आरती संस्थेने ती तयार केली आणि 2006 मध्ये तिला लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला. एक काळजी घ्या: झालेला गॅस पूर्ण वापरा आणि नळीची गळती दर महिन्याला साबणाच्या पाण्याने तपासा. त्यातला मिथेन न जळता हवेत गेला तर कार्बन डायऑक्साइडच्या 28 पटींनी भारी पडतो. टाकीही जमत नसेल तर खड्ड्यात पातेरा आणि खरकटं एकाआड एक थर देऊन खत करा. माड खूश होतात. पातेऱ्याला काडी लावणं मात्र बंद करा.

छपरावरचं ऊन

सोलरची पाळी इतक्या उशिरा आणली आहे ती मुद्दाम. आधी खप कमी करा, मग पॅनेल घ्या, म्हणजे पाचऐवजी तीन किलोवॅटमध्ये भागतं.

एक किलोवॅटला छपरावर साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि वर्षाची सरासरी काढली तर रोज चारेक युनिट मिळतात. तीन किलोवॅटचे वर्षाला चार हजारांच्या आसपास युनिट होतात, म्हणजे पावणेतीन टन कार्बन वाचला. आपल्या धंद्याला हे छान जुळतं: एप्रिल-मेमध्ये खोल्या भरलेल्या आणि ऊनही भरपूर. जुलैमध्ये उत्पादन निम्म्याखाली येतं, पण तेव्हा खोल्याही रिकाम्या असतात. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॅट आणि त्यापुढे 78,000 रुपये अनुदान आहे, पण ते घरगुती वीजजोडणीलाच मिळतं. जोडणी घरगुती की व्यावसायिक ते बिलावरच छापलेलं असतं. विक्रेत्याला फोन करण्याआधी ते वाचा.

किनाऱ्यावर बसवताना सांगाडा ॲल्युमिनियमचा किंवा गरम जस्तात बुडवून काढलेल्या लोखंडाचा घ्या. नटबोल्ट स्टेनलेस स्टीलचे. साध्या लोखंडाला रंग मारून देतो म्हणणाऱ्याला परत पाठवा, दोन पावसाळ्यांत तो सांगाडा गंजून फुगतो. माडाखाली पॅनेल लावू नका. सावलीने उत्पादन घटतं आणि एक नारळ पडला तर काच गेलीच. दर पंधरवड्याला सकाळी लवकर, काच गार असताना, गोड्या पाण्याने मीठ धुवा.

जनरेटरबद्दल थोडक्यात. छोटा डिझेल जनरेटर लिटरमागे जेमतेम तीन युनिट देतो, म्हणजे वीज मंडळाच्या विजेपेक्षाही त्याचा कार्बन जास्त, वर आवाज आणि वास. लाईट गेल्यावर पाहुण्याला पंखा, दिवा आणि मोबाईल एवढंच हवं असतं. पंखे बीएलडीसी असतील तर एका चांगल्या इन्व्हर्टरवर चारही खोल्यांची रात्र निघते. जनरेटर वादळासाठी ठेवा.

चादरी वाळवायला दोरी आणि ऊन आहेच. आणि आपल्या गोड्या विहिरीला आरओ लागत नाही. पाणी तपासून घ्या, साधा यूव्ही फिल्टर लावा, खोलीत माठ किंवा तांब्याचा हंडा ठेवा. बाटल्यांचे बॉक्स आणणं बंद होतं.

पाहुण्याची गाडी

आता वहीत नसलेला आकडा. मुंबईहून मालवणला गाडीने यायला पाचशे किलोमीटर, जाऊन येऊन हजार. लिटरला पंधरा किलोमीटर धरले तर 66 लिटर पेट्रोल, म्हणजे दीडशे किलो कार्बन. तेच कुटुंब तुमच्याकडे एका खोलीत दोन रात्री राहिलं तर वरच्या हिशेबाने 22 किलो. गाडीचा आकडा मुक्कामाच्या सातपट आहे. पंखे बदलून, एसी सांभाळून तुम्ही अकराचे सात केलेत तरी तो दीडशे तसाच राहतो.

हे तुमच्या हातात नाही असं वाटेल, पण बरंच आहे. कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग 2022 पासून विजेवर आहे आणि भरलेल्या गाडीत माणशी येणारा वाटा मोटारीच्या तुलनेत अगदी थोडा असतो. लोक रेल्वेने येत नाहीत त्याची कारणं दोन: तिकीट मिळत नाही आणि स्टेशनवरून पुढे कसं जायचं ते कळत नाही. पहिल्यासाठी त्यांना वेळेवर आठवण करा. आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, मे महिन्याच्या तारखा पहिल्या काही मिनिटांत संपतात. दुसऱ्यासाठी गावातल्या दोन रिक्षावाल्यांशी आणि एका सुमोवाल्याशी ठरलेला दर बोलून ठेवा. कुडाळ स्टेशन मालवणपासून तीसेक किलोमीटरवर आहे. गावात फिरायला दोन-तीन चांगल्या सायकली ठेवा, तारकर्लीच्या सपाट रस्त्याला त्या पुरतात.

आणि मुक्काम वाढवा. प्रवासाचा दीडशे किलो कार्बन दोन रात्रींत वाटला तर रात्रीमागे 75, पाच रात्रींत वाटला तर 30. आम्ही चौथ्या रात्रीपासून भाडं उतरवतो आणि पाचव्या दिवशी आगरात नारळ उतरवायला, खाडीत होडीने फिरायला नेतो. चादरी कमी धुवाव्या लागतात, रिकामा दिवसही जात नाही. रेल्वेचं तिकीट दाखवणाऱ्याला एक वेळचं जेवण आमच्याकडून असतं.

बुकिंग आलं की आम्ही व्हॉट्सॲपवर हा निरोप पाठवतो. लागला तर तसाच उचला, नावं तेवढी बदला:

“नमस्कार. तुमची खोली राखून ठेवली आहे. तुमच्या तारखेचं रेल्वे आरक्षण 60 दिवस आधी सकाळी आठ वाजता उघडेल, आदल्या दिवशी मी आठवण करीन. कोकणकन्या किंवा तुतारीने रात्री निघालात की सकाळी कुडाळला उतराल. स्टेशनबाहेर आमचे रिक्षावाले दादा तुमच्या नावाची पाटी घेऊन उभे असतील, त्यांचा दर ठरलेला आहे. घरी पोचाल तेव्हा घावणे आणि चहा तयार असेल. किती जण आहात आणि मासे कोण खातं, तेवढं आधी कळवा.”